बँजो गोऱ्यांचा ना?

माझ्या हातात बँजो दिसला की लोक हमखास विचारतात, "हे अमेरिकेतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य ना? मग तुम्ही सारखं काळ्यांचं नाव का घेता?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नसतं. सिनेमात बँजोवाला बहुतेकदा गोराच दिसतो. म्हणून एकदा नीटच सांगते. (आपल्या बँजो पार्टीतला बटणांचा बँजो वेगळा, तो बुलबुलतरंगाच्या कुळातला.)

अमेरिकन बँजोला पाच तारा. त्यातली एक आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच बसवलेली. ती अंगठ्याने छेडायची. सतारीच्या चिकारीसारखा तिचा एकच सूर गाण्याच्या अधूनमधून वाजत राहतो. जुन्या पद्धतीत तर्जनीचं नख तारेवर खाली मारायचं आणि लगेच अंगठा आखूड तारेवरून सोडायचा. सेनेगल-गाम्बियातल्या जोला लोकांचं आकोंटिंग नावाचं वाद्य आहे: वाळक्या भोपळ्यावर कातडं मढवलेलं, तीन तारा, त्यातली एक आखूड. वाजवायची रीतही हीच. आधी नख, मागोमाग अंगठा. आकोंटिंगचं वादन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

पुरावे हवे असतील तर तेही आहेत. शेकडो गुलामांचा मालक असलेल्या थॉमस जेफरसनने स्वतः लिहून ठेवलंय की हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणलं. पुढे १८३० च्या दशकात जोएल स्वीनी हा व्हर्जिनियातला गोरा वादक गाजला आणि आखूड तार त्यानेच शोधली असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण साउथ कॅरोलायनातलं १७८५-९० च्या सुमाराचं एक जलरंगातलं चित्र आहे. गुलामांच्या वस्तीत नाच चाललाय, एक जण भोपळ्याचा बँजो वाजवतोय, आणि त्या बँजोवर आखूड तारेची खुंटी स्पष्ट दिसते. स्वीनी तेव्हा जन्मलाही नव्हता.

मग श्रेय गेलं कुठे? १८४३ पासून न्यूयॉर्कमध्ये गोरे कलाकार तोंडाला काळं फासून, बँजो हातात घेऊन काळ्यांची टिंगल करणारे खेळ करू लागले. ते प्रचंड चालले. त्यानंतर बऱ्याच काळ्या वादकांना हे वाद्य नकोसं झालं असेल, तर मला नवल वाटत नाही. उरलेलं काम १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी केलं: काळ्यांच्या रेकॉर्डची यादी वेगळी, डोंगराळ भागातल्या गोऱ्यांची वेगळी. प्रत्यक्षात दोघंही फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजोवर तीच गाणी वाजवत होते. पण काळ्या कलाकारांकडून कंपन्यांना ब्लूज, म्हणजे काळ्यांची दुःखाची गाणी, हवी होती, त्यामुळे त्यांची फिडल-बँजोची गाणी फारशी ध्वनिमुद्रितच झाली नाहीत.

लेस्ली रिडलची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा पाय गेला होता. १९२८ च्या सुमारास टेनेसीतल्या किंग्जपोर्टमध्ये त्याची आणि कार्टर फॅमिली या गोऱ्या गायक कुटुंबातल्या ए. पी. कार्टरची गाठ पडली. दोघं गाणी गोळा करत गावोगाव हिंडले. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. घरी येऊन ती चाल तो बाकीच्यांना शिकवायचा. त्याच कुटुंबातल्या मेबेल कार्टरने रिडलचं गिटार ऐकून त्यातलं बरंच उचललं. कार्टर फॅमिलीला आज कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताचं पहिलं घराणं म्हणतात. रेकॉर्डवर मात्र रिडलचं नाव नव्हतं. गाणी कार्टरच्या नावावर नोंदली गेली.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे गोऱ्यांनी बँजो वाजवूच नये का?" असं मी कधीच म्हटलेलं नाही. स्कॉटलंड-आयर्लंडच्या फिडलच्या चाली या संगीतात तितक्याच खऱ्या आहेत, आणि गोऱ्यांच्या नाचात त्या वाजवणारे कित्येकदा गुलाम काळे वादक असत. माझं मागणं एवढंच की नाव घ्या.

आता ते घेतलं जातंय, याचा मला फार आनंद आहे. २००५ मध्ये रायनन गिडन्स ही कृष्णवर्णीय गायिका-बँजोवादक आणि तिचे दोन मित्र नॉर्थ कॅरोलायनातल्या जो थॉम्पसन या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे शिकायला जाऊ लागले. त्यांच्या कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या बँडला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. तुम्हाला ऐकायचंच असेल तर आधी जो आणि त्याचा चुलतभाऊ ओडेल थॉम्पसन यांचं ऐका. फिडल जोचं, बँजो ओडेलचा.