मानकुरादवरचे काळे ठिपके आणि कामाचे जंतू

म्हापशाच्या बाजारात मानकुराद, आपला गोव्याचा आंबा, घेताना आपण वास घेतो, देठ बघतो, हलकेच दाबून बघतो, तरी घरी आणून दोन दिवस झाले की सालीवर काळे ठिपके दिसायला लागतात आणि तिसऱ्या दिवशी ते आत उतरलेले असतात. सीझनच्या सुरवातीला डझनाला हजारांत पैसे मोजलेले असतात त्यामुळे जीव तुटतो अक्षरशः.

हा करपा. कोलेटोट्रिकम नावाची बुरशी. ती बाजारात लागत नाही हो, झाडावरच लागते. मोहोर किंवा कोवळं फळ दवाने, अवकाळी पावसाने ओलं राहिलं की बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, रुजतो, सालीच्या वरच्या पापुद्र्याखाली घुसतो आणि तिथेच गप्प पडून राहतो, कारण कच्च्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात, आंबा पिकायला लागला की ती कमी होतात आणि मग हिचं फावतं.

हल्ली बागायतदारांच्या ग्रूपवर फळ टिकवणाऱ्या चांगल्या जंतूंबद्दल मेसेज फिरतात. गोष्ट खरीच आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत पुसी आणि विल्सन या संशोधकांनी बॅसिलस सबटिलिस नावाचा जिवाणू वापरून पीच सडण्यापासून वाचवलं, १९९५ मध्ये तिथेच कॅन्डिडा ओलिओफिला या यीस्टचं प्रॉडक्ट संत्री-सफरचंदांसाठी मंजूर झालं. यीस्टचं काम मला फार आवडतं. फळाला ओरखडा गेला की तिथे साखर पाझरते, यीस्ट त्या जखमेत भराभर वाढतं, साखर खाऊन जागा अडवून बसतं, आणि मागून आलेल्या बुरशीच्या बीजाणूला रुजायला काही उरतच नाही. बॅसिलस त्याशिवाय बुरशीला मारणारी द्रव्यंही सोडतो.

पण आधी आत शिरून बसलेल्या बुरशीपुढे जखमेवरच्या यीस्टचं फारसं चालत नाही. म्हणून काढलेल्या आंब्यावर नुसतं फवारून करपा जाईल ही आशा नको, नाहीतर लोक एकदा वापरणार, आंबे काळे पडणार आणि 'सगळं खोटं' म्हणून कायमचं सोडून देणार. तसं व्हायला नको असं मनापासून वाटतं, बुरशीनाशकांनाही बुरशी सरावते, दुसरा मार्ग हाताशी हवाच.

माझ्या मते बॅसिलस मोहोरापासूनच वापरून बघायला हवा. आंबा देठासकट उतरवायचा, आपटायचा नाही, मग साधारण ५२ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायचा. आतली बुरशी बरीचशी त्या उष्णतेने मरते, पण गरम पाणी पुढचं संरक्षण देत नाही, आणि जंतूंची खरी जागा तिथे आहे, फळ थंड झाल्यावर, अढीत घालायच्या आधी. एकट्याला टाकी आणि थर्मामीटर परवडत नसेल तर गावातल्या चारपाच बागायतदारांनी मिळून घ्यावं, पाच कलमं असलेल्या माणसालाही त्यात आंबे आणता आले पाहिजेत.