पेटी, पखवाज आणि इलेक्ट्रॉनिक कामे : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोन ओळी आहेत. वर 'पेटी, तबला, पखवाज दुरुस्ती' आणि खाली 'इलेक्ट्रॉनिक कामे'. या पाटीवर आजवर पुष्कळ जण हसले. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, दोन भावांनी दुकान वाटून घेतलंय. एकाने तर तोंडावर सांगितलं, "काहीतरी एक ठरवा की राव!" ठरवलेलं कधीचंच आहे, पण ते एका ओळीत मावत नाही. पंचवीस वर्षं होत आली, आता लिहा, असा मंडळींचा आग्रह पडला, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात रत्नागिरीच्या होस्टेलवर झाली. मी डिप्लोमाला होतो, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. मी चिपळूणचा, घरात भजनाची पेटी. माझा रूम पार्टनर सावंतवाडी तालुक्यातला. त्याचे वडील दशावतारात पायपेटी वाजवायचे. कार्तिक पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की ते घरी सापडत नसत. आमच्या खोलीत कॉटखाली सोल्डरिंग आयर्न, खिडकीत तारांचा गुंता आणि कपाटावर माझी जुनी दोन सुरांची पेटी (प्रत्येक पट्टीला दोन पितळी जिभा; आम्ही त्यांनाच सूर म्हणतो) असायची. होस्टेलचा फ्यूज उडाला की वॉर्डन आधी आमचं दार वाजवायचे.

आम्हाला हवा होता तंबोरा. खरा परवडणारा नव्हता, आणि परवडला असता तरी खोलीत ठेवायला जागा नव्हती. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळूरच्या रॅडेल कंपनीवाल्यांनी १९७९ मध्येच करून दाखवला होता, पण विकत घ्यायचा म्हणजे आमच्या मेसच्या बिलाचा प्रश्न. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ५५५ टायमर आणि ४०१७ काउंटर या चिपा आणल्या. टायमरने ठोके द्यायचे, काउंटरने एकामागून एक चार तारा 'छेडायच्या': प, सा, सा आणि खर्जाचा सा. आवाज आधी डासासारखा यायचा. डायोड लावून लाट थोडी कापली तेव्हा जवारीच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेच्या झंकाराच्या, जवळपास काहीतरी ऐकू आलं. रात्री सूर लावला की सकाळी उतरलेला असायचा, कारण सिरॅमिक कपॅसिटर. ऊन चढलं की त्याची किंमत सरकते आणि त्याच्याबरोबर सा सरकतो. पॉलिस्टरचे घातले तेव्हा जरा स्थिर झाला. आजही कोणी हौशी पोरगा असलं सर्किट घेऊन आला की मी आधी कपॅसिटर बघतो. दहा रुपये वाचवायला जातात आणि सगळा षड्ज घालवतात.

पार्टनरच्या वडिलांनी आमच्या तंबोऱ्याचा तो डबा दिवाळीच्या सुट्टीत ऐकला. बराच वेळ ऐकला. म्हणाले, "सा खरो आसा. पण ह्येका दम लागना नाय." पार्टनरला ते वर्मी लागलं. मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं, आणि अजून वाटतं.

आता गॅदरिंगची गोष्ट, जी मी विसरलेलो नाही. आम्ही तो डबा विज्ञान प्रदर्शनाला नेला. तिथले म्हणाले, हे संगीत आहे, सांस्कृतिक विभागात जा. सांस्कृतिकवाले म्हणाले, हे यंत्र आहे, विज्ञानात जा. शेवटी आम्ही दोघं व्हरांड्यात डबा लावून बसलो आणि माझ्या पेटीवर एक गजर घेतला. परीक्षकांपैकी एक गृहस्थ थांबले. वाटलं, आता तरी काही बोलतील. त्यांनी सांगितलं की मुळात पेटी हेच आपलं वाद्य नव्हे, ते परदेशी आहे, त्यामुळे 'भारतीय वाद्य' या गटात आमचा विचार होणार नाही.

माहिती चुकीची नव्हती. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबेनने १८४० मध्ये घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडीशी घेऊन हाताने भाता मारण्याजोगी केली, म्हणून ती जमिनीवर बसली आणि देवळात शिरली. पुढे १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही आणि तिचे स्वर बांधीव, ही दोन कारणं सांगितली जायची. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांनी पेटीला जी इज्जत मिळवून दिली ती त्या बंदीच्या आधीचीच, पण नियम करणाऱ्यांना ते ऐकू आलं नसावं. त्या एकतीस वर्षांत कोकणातल्या एकाही भजनी मंडळाने पेटी बंद केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आमच्या आजोबांना बंदी होती हे ठाऊकसुद्धा नव्हतं.

खरी बोच वेगळीच होती. होस्टेलवर मुंबईची पोरं होती, चाकरमान्यांचीच. त्यांना आमची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, गावठी वाटायची. आणि मी सुट्टीत घरी गेलो की मंडळातले म्हणायचे, "हा शिकलेला, ह्याला कशाला पेटीवर बसवता, सर्किटं करू दे त्याला." म्हणजे तिथे मी भजनवाला आणि इथे सर्किटवाला. पाटीवर दोन ओळी कशा आल्या ते आता कळलं असेल.

डिप्लोमा झाल्यावर पार्टनर आणि मी मिळून काम सुरू केलं, आमच्या घराच्या पडवीत. तो सुतारकामात माझ्यापेक्षा सरस. शिवणीचं लाकूड तो हातात घेऊन सांगायचा, वाळलंय की नाही. शिवण हलकं आणि फारसं न वाकणारं, पेटीच्या आतल्या फळीला चांगलं. सूर लावायचं काम माझं. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण हल्ली यूट्यूब बघून पोरं घरीच पेटी उघडतात म्हणून सांगतो: सूर चढवायचा तर पितळी जिभेच्या टोकाकडून घासायचं, उतरवायचा तर मुळाकडून. जिभेखाली पातळ पत्रा सारल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही. आणि हिरवा गंज आला म्हणून चिंच लावायची नाही! चकाकी येते आणि सूर पळतो.

आमची ओळख झाली ती गंधारामुळे. बाजारातल्या पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत लावलेलं असतं, तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. कानाला ते टोचतं, फक्त सवयीने आपण गप्प बसतो. बुवांचा सा ठरलेला असेल, समजा काळी एक, तर मी त्या पट्टीचा गंधार उतरवून देतो. तंबोऱ्याचा डबा आतच बसवलेला असतो, तो लावला की फरक शेंबड्या पोरालाही कळतो. मात्र मग ती पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवायची नाही. वाजवतात, आणि मग माझ्या नावाने बोंब मारतात.

पार्टनर पुढे मस्कतला गेला. भांडण नाही, काही नाही, बहिणींची लग्नं होती. त्याचे रंधे आणि पटाशी अजून माझ्याकडे आहेत आणि त्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला मला चालत नाही.

मधली वर्षं बरी गेली. २००८ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत गाळा घेतला. २००५ च्या पुराची खूण मालकाने भिंतीवर तेलरंगाने काढून ठेवली होती. त्या खुणेच्या वर हातभर मी माळा बांधून घेतला. पावसाळा आला की दुरुस्तीच्या पेट्या माळ्यावर, असा शिरस्ता.

२२ जुलै २०२१. वरून पाऊस, खालून भरती, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्या एकदम शहरात. पहाटे फोन लागत होते, नंतर तेही बंद झाले. पाणी उतरल्यावर शटर उघडायला पहारी लागल्या. माळ्यावर चिखल होता. पेट्या फुगून सरस सुटला होता, भात्याचा पुठ्ठा लगदा झाला होता, पखवाजाची शाई धुऊन गेली होती आणि लोकांच्या आज्या-पणज्यांच्या वेळच्या वस्तू एकमेकींत अडकून पडल्या होत्या. आमच्या इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं २००५ मध्ये गेली आणि २०२१ मध्ये परत गेली. त्यांच्या दारात ओल्या पुस्तकांचे ढीग बघितले आणि तोंडातून शब्द फुटेना.

विमा होता. विमावाल्यांनी सांगितलं की गिऱ्हाइकाच्या पेट्या हा माझा माल नव्हे, सबब त्याचं मला काही मिळणार नाही. आणि गिऱ्हाइकाने विचारलं, पेटी तुमच्या ताब्यात होती ना? दोघांचंही बरोबर, आणि मध्ये मी.

गणपती १० सप्टेंबरला. म्हणजे दीड महिन्यावर. वाडीवाडीतल्या मंडळांच्या पेट्या एकतर त्यांच्या घरी बुडालेल्या, नाहीतर माझ्याकडे बुडालेल्या. आणि इथे आमचे सन्मित्र पुढे झाले. नाव घेत नाही, चिपळूणकरांना ते कळेल. त्यांचं दुकान चढावर, त्यांना पाणी लागलं नाही. त्यांनी दारात फलक लावला: बुडालेली पेटी आणा, कीबोर्ड हप्त्यावर न्या. पेटी ते भंगाराच्या भावाने घेत. धंदा आहे, करावा. पण येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत की पुराच्या पाण्यात गेलेली पेटी पुन्हा सुरात येत नाही, हे शास्त्र आहे. असलं कुठलं शास्त्र नाही. सुराचं पितळ पाण्याने मरत नाही. लाकूड जातं, भाता जातो, कातडं जातं. सूर पट्टीवरून सोडवून, नंबर घालून, साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवले की शंभरातले नव्वद उठतात. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ओसरीवर बसून तेच केलं. बायको नंबर घालायची, मुलगी दोऱ्यात ओवायची, आई कपड्याने पुसायची. आणि त्याच वेळी चांगले जर्मन सूर असलेल्या पेट्या शेजारच्या रस्त्यावरून भंगारात जात होत्या. अजून आठवलं की जेवण जात नाही.

त्या दिवसांत गुहागर तालुक्यातले एक बुवा आले. त्यांचं नमन मंडळ आहे, शिमग्यात खेळ करणारं, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. शिमग्याच्या आधी पेटी दाखवायला आणतात, चहा घेतात, पैसे मोजून देतात, घासाघीस नाही. त्यांचं गाव डोंगरावर, त्यांच्याकडे पूर नाही. तरी पेटी डोक्यावर घेऊन एसटीने आले आणि म्हणाले, "भाता बदलून द्या." मी भाता बघितला. ठणठणीत, दोन वर्षांपूर्वी मीच घातलेला. म्हटलं, बुवा, याला काही झालेलं नाही. म्हणाले, "तुम्हाला काय विचारलंय? नवा घाला. पैसे आत्ताच घ्या." घातला. पैसेही घेतले. जुना भाता त्यांच्यासमोर काढून ठेवला आणि तोच पुढे दुसऱ्या बुडालेल्या मंडळाच्या पेटीला बसवला. बुवांना तेच हवं होतं, हे मला नंतर त्यांच्या मृदंगवाल्याने सांगितलं.

त्या गणपतीत आम्ही जेवढ्या पेट्या उठवल्या तेवढ्या उठवल्या. बाकीच्या मंडळांनी जाखडी, म्हणजे गणपतीतला नाच, कीबोर्डवर केली. त्यांना नावं ठेवत नाही. सण थांबत नाही.

पुढच्या गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. आम्ही फार वर्षांपासून पेटीच्या खोक्याला खाली एक कप्पा करून त्यात झिरोचा बल्ब देत होतो, जाळी लावून, भात्यापासून लांब. खाऱ्या दमट हवेत पेटी कोरडी राहते. लोडशेडिंगच्या काळात त्याला बॅटरीही जोडली. पुरानंतर सन्मित्रांनी तेच खोकं स्वतःचं म्हणून विकायला काढलं आणि एका कार्यक्रमात 'कोकणच्या हवामानासाठी नवा शोध' म्हणून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यांच्या खोक्यात बल्ब भात्याला लागून आहे. दोन पावसाळ्यांत भात्याचं कापड करपतं. करपलेल्या पेट्या दुरुस्तीला माझ्याकडे येतात, त्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू?

हल्ली इंजिनिअरिंगची मुलं येतात. पट्टीखाली चुंबक, समोर चुंबक हलला की ओळखणारा हॉल सेन्सर, आर्डुइनो नावाची छोटी संगणक-पाटी, आणि पेटी लॅपटॉपला जोडलेली. बोटं पेटीवर आणि आवाज पाहिजे त्या वाद्याचा. मी त्यांना जागा देतो, ड्रिल देतो, एकच अट घालतो: मूळ सुरांच्या फळीला भोक पाडायचं नाही. मागे एक मुलगी आली, ठाण्यात वाढलेली, आजोबांची पेटी घेऊन. तिला मालवणी कळते, बोलता येत नाही. विचारत होती, सेन्सर लावले तर ही पेटी आजोबांची राहील का. मी म्हटलं, आधी सूर लावून घेऊ, मग बोलू. पेटी खोलली तर आत पेन्सिलीने कोणीतरी भजनाचे ठेके लिहून ठेवलेले. तिने त्याचे फोटो काढले आणि सेन्सर पण लावून घेतले. भाता आता दोन्हीकडे चालतो: हवेचा दाब मोजायला आतमध्ये एक छोटा सेन्सर दिलाय, भाता जोरात मारला की लॅपटॉपातला आवाजही मोठा होतो. पार्टनरला मस्कतला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बापाशीक दाखवतंय. आता ह्येका दम लागता."

जाता जाता कामाचं. गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात पेटी आणू नका, आणलीत तर मी नाही म्हणणार नाही पण ओरडेन. आषाढात आणा. दशावतारवाल्यांनी पायपेटी दसऱ्याच्या आधी पोचवावी, पायट्याचे पट्टे बाहेरून मागवावे लागतात. पेटीवर अगरबत्ती लावू नये, राख सुरात जाते. आणि खोक्यातला बल्ब भात्याला टेकत असेल, तर तो कोणीही बसवलेला असो, आजच काढून टाका.