२.७ इकोबूस्टचा मायलेज लॉग: हिवाळ्याचे आकडे, वारा आणि ट्रेलर

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी तेच विचारलं, की बाबा गाडी ॲव्हरेज किती देते ते एका आकड्यात सांग. पिकअपचं ॲव्हरेज एका आकड्यात मावत नाही म्हणून तर हा लॉग चालू केला. आता डॅलसकडे जेवढी थंडी पडते तेवढी पडून गेली, दोन्ही मोसमांचे आकडे शीटमध्ये आलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

नवीन लोकांसाठी गाडीची माहिती: फोर्डची एफ-१५० सुपरक्रू पिकअप, फोर बाय फोर, २.७ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६ (इकोबूस्ट हे फोर्डच्या टर्बो इंजिनांचं नाव), १० स्पीड ऑटोमॅटिक, ॲक्सल रेशो ३.५५. काचेवरच्या स्टिकरवर शहरात १९, हायवेला २४, एकत्रित २१ एमपीजी (एका गॅलनला किती मैल). म्हणजे लिटरला साधारण ९ किलोमीटर. गावाकडे फोनवर सांगितलं की लोक हळहळतात, पण सव्वादोन टनांच्या पेट्रोल गाडीला हा आकडा खरंच चांगला आहे, आणि मला मनापासून आवडतो.

आधी मोजायचं कसं ते, कारण भांडणं सगळी तिथूनच सुरू होतात. टाकी फुल टू फुल, शक्यतो तोच पंप, गाडी त्याच तोंडाने उभी, आणि नोझल पहिल्यांदा टक् करून बंद झालं की थांबायचं, वर दोन-चार दाबे मारायचे नाहीत. १२ गॅलन भरताना नोझल अर्धा गॅलन आधी सुटलं तर तिथेच ४ टक्क्यांची चूक, म्हणजे २१ चे २२ कधी होतात कळत पण नाही. म्हणून मी एका टाकीवर काही बोलत नाही, तीन-चार टाक्यांची बेरीज करून मगच आकडा धरतो. डॅशबोर्डचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहितो, माझ्या गाडीत तो जवळपास नेहमीच एखाद एमपीजीने चढा असतो.

टायरचं पण बघा. कंपनीकडून २७५/६५ आर १८ आले आणि तुम्ही दिसायला भारी म्हणून २७५/७० टाकले तर टायरचा व्यास साधारण ३२.१ इंचावरून ३३.२ वर जातो, आणि गाडीला ते सांगितलं नाही तर मीटर सुमारे ३.३ टक्के मैल कमी मोजतं. जड टायरमुळे खरी घट होतेच, पण "नवे टायर टाकले आणि दीड एमपीजी गेलं" म्हणणाऱ्यांचं अर्ध्याच्या आसपास नुकसान फक्त कागदावरचं असतं.

आता मुख्य गोष्ट, स्पीड. माझा टेस्टचा रस्ता म्हणजे यूएस २८७, फोर्ट वर्थवरून डिकेटर, विचिटा फॉल्स, चिल्ड्रेस करत अमरिलो. हा रस्ता दिसतो सपाट, पण फोर्ट वर्थ समुद्रसपाटीपासून ६५० फुटांच्या आसपास आणि अमरिलो ३,६०० फूट, म्हणजे जाताना अख्खा रस्ता हळूहळू चढ आहे, त्यामुळे नुसत्या जाण्याचा आकडा कामाचा नाही, जाऊन-येऊनच धरायचा. क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच स्पीडला ठेवतं ते) लावून, गाडी रिकामी, वारा बेताचा: ताशी ६५ मैलांना साडेचोवीसच्या आसपास, ७० ला २३, ७५ ला २१ च्या जरा खाली. पश्चिम टेक्सासमध्ये आय-१० वर ८० ची लिमिट आहे, तिथे ८० लावलं की १९ च्या आत. गाडी तीच, इंजिन तेच, गॅस (म्हणजे पेट्रोल) तोच, आणि फरक साडेपाच एमपीजीचा! ७० ला दहाव्या गियरमध्ये इंजिन जेमतेम १६५० आरपीएमवर फिरत असतं, त्यामुळे वाटतं गाडी आरामात चाललीय, पण समोरून बघितलं तर आपण गोदरेजचं कपाट हायवेवर ढकलतोय. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ६५ वरून ८० म्हणजे दीडपट.

आणि म्हणूनच वारा. समोरून १५ मैलांचा वारा असेल तर तुमच्या ७० ला गाडीला ८५ ची हवा लागते, विरोध ४७ टक्के जास्त. पॅनहँडलमध्ये (अमरिलोच्या आसपासचा टेक्सासचा उत्तरेचा भाग) असा वारा म्हणजे रोजचंच. एकदा क्लॅरेंडनच्या पुढे वारा अगदी तोंडावर होता, बूस्टचा (टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो त्याचा) काटा एरवी शून्याच्या आसपास लोळत असतो तो सतत वर, आणि त्या टप्प्यात डॅशवर १७. छोटं टर्बो इंजिन असंच वागतं, बूस्ट नसताना ते खरंच २.७ सारखं पितं, आणि बूस्ट मागितला की मोठ्या इंजिनाइतकं.

स्टिकरवाल्यांना शिव्या देऊ नका बरं का. ईपीएच्या (स्टिकरचे आकडे ठरवणारी अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) मूळ हायवे टेस्टचा सरासरी वेग ४८ मैल आहे आणि कमाल ६०. २००८ च्या मॉडेलपासून जोरात चालवणं, एसी आणि थंडी यांच्या टेस्ट धरून स्टिकरचा आकडा खाली आणतात, पण तरी सलग चार तास ७८ ने जाणाऱ्या टेक्सनसाठी तो आकडा नाहीये.

बाकीचे सहा सिलिंडरवाले: एका मित्राकडे रॅम १५०० आहे, ३.६ पेंटास्टार, टर्बो नाही, ४८ व्होल्टचं ई-टॉर्क (इंजिनाला थोडी मदत करणारी छोटी हायब्रिड मोटर). आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच रस्त्याने, पुढेमागे गेलो. ७० ला दोन्ही गाड्यांत अर्ध्या एमपीजीचा पण फरक नाही. वाऱ्यात आणि चढाला त्याची रॅम आठव्यातून सारखी खाली उतरते कारण टॉर्क (ओढायचा जोर) २६९ पाउंड-फूट, माझी दहाव्यातच राहून ४०० च्या टॉर्कवर ओढते, पण गॅस दोघांचा सारखाच गेला. मला आधी वाटायचं इथे टर्बोचा तोटा दिसेल, तसं काही दिसलं नाही. शेवरले सिल्व्हराडोचं ३.० ड्युरामॅक्स मात्र वेगळ्याच वर्गात आहे, इनलाइन सिक्स डिझेल, २०२० च्या टू-व्हील ड्राइव्हचं स्टिकर २३, ३३, एकत्रित २७. ऑफिसमधल्या एकाकडे आहे, ७५ ला तो सहज २७ काढतो आणि मी त्याचा हेवा करतो. पण पैशाचं गणित करून बघा: माझ्या इंजिनाच्या टू-व्हील ड्राइव्हला २२, त्याला २७, म्हणजे सुमारे २३ टक्के जास्त. डिझेल रेग्युलर पेट्रोलपेक्षा तेवढ्या टक्क्यांनी महाग झालं की फायदा संपला, आणि डीईएफ (डिझेलचा धूर साफ करायला वेगळं भरावं लागणारं द्रव) वेगळं.

अजून एक, शीटमध्ये मी आता १०० मैलांना किती गॅलन हा रकाना टाकलाय. कारण १५ चे १८ झाले तर १००० मैलांना ११ गॅलन वाचतात, आणि २५ चे ३० झाले तर पावणेसात पण नाही. पिकअपवाल्याला खालच्या आकड्यातला एकेक एमपीजी जास्त मोलाचा आहे.

हिवाळा. शाळा, ऑफिस, ग्रोसरी, सगळं चार-पाच मैलांच्या आतलं. उन्हाळ्यात या कामाला १८ येतात, जानेवारीत साडेपंधरा. इंजिन गरम होईपर्यंत घर येतं, दर १० फॅरनहाइटला टायरची हवा सुमारे १ पीएसआय उतरते, आणि रिमोट स्टार्ट, म्हणजे घरात बसूनच गाडी चालू करून ठेवणं. उभी गाडी तासाला पाव ते अर्धा गॅलन पिते, रोज सकाळी १५ मिनिटं चालू ठेवली तर महिन्याचा हिशोब करा. हा भाग मी कमी केला, दोन मिनिटांत निघतो आणि पहिले दोन मैल हळू जातो, फरक पडला.

ट्रेलरचं थोडक्यात, पण मला स्वतःला हेच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. गणपतीला मंडळाचं मखर, टेबलं, साउंड सिस्टिम असं सगळं ६ बाय १२ च्या बंद ट्रेलरमधून नेलं, वजन फार नव्हतं, तरी हायवेला ११. नंतर बॅकयार्डसाठी फरशीचे दगड उघड्या ट्रेलरवर आणले, वजन त्याच्या जवळजवळ दुप्पट, त्याच रस्त्याला त्याच ६५ च्या स्पीडने १५ च्या वर. म्हणजे हायवेला वजनापेक्षा समोरची भिंत महाग पडते. शहरात सिग्नलला मात्र उलटं, तिथे दगडांनी रडवलं.

बेडवरच्या (पिकअपच्या मागच्या हौद्यावरच्या) हार्ड कव्हरबद्दल विचारलं होतं: लावायच्या आधीच्या आणि नंतरच्या टाक्या शेजारी ठेवल्या, फरक वाऱ्याच्या फरकाच्या आत आहे. सामान सुकं राहतं म्हणून घ्या, ॲव्हरेजसाठी नको.

पुढचं काम रॅमच्या नव्या ३.० हरिकेन इंजिनाचं, इनलाइन सिक्स ट्विन टर्बो, साध्या व्हर्जनलाच ४२० हॉर्सपॉवर. एक जण २८७ वर सोबत यायला तयार झालाय, वारा बघून तारीख ठरवतोय. तुमच्याकडे टोयोटा तुंड्राचं ३.४ किंवा जुनं ४.३ व्ही-६ सिल्व्हराडो असेल तर आकडे टाका, पण क्रूझ किती लावला होता आणि वारा कुठून होता ते सोबत लिहा, नुसतं "हायवेला २२" असेल तर मी शीटमध्ये घेत नाही.