सगळ्यांसोबत बिल्ड होतं, एकटं होत नाही

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या आमच्या मोठ्या वर्कस्पेसमधली (एकत्र ठेवलेल्या क्रेट्सचा गट) एक छोटी क्रेट, म्हणजे कोडचं एक पॅकेज, बाहेर काढून वेगळी करायची, एवढंच काम होतं. तासाभरात उरकेल म्हणून बसलो, चार दिवस गेले.

वर्कस्पेसच्या रूटमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमधून, कार्गो बिल्ड (कार्गो हे रस्टचं बिल्ड टूल) मारलं की सगळं ओके. तीच क्रेट एकटी बिल्ड केली की एरर, सिरिअलाइझ नावाचा डिराइव्ह मॅक्रोच (आपोआप कोड लिहून देणारी सोय) सापडत नाही म्हणे. आधी वाटलं जुनं काहीतरी अडकलंय, बिल्डचा माल साठतो तो टार्गेट फोल्डर उडवला, परत तेच. शेवटी कार्गो ट्रीला वापरलेल्या बाकी क्रेट्सचं, म्हणजे डिपेन्डन्सींचं, झाड फीचर्ससकट (फीचर म्हणजे क्रेटचा चालू-बंद करता येणारा भाग) दाखवायला सांगितलं तेव्हा ट्यूब पेटली. माझ्या टॉमल फाइलमध्ये, जिथे क्रेटची सेटिंग्ज असतात, सर्दे (सिरिअलाइझ जिच्यातून येतो ती क्रेट) नुसतंच लिहिलेलं, त्याचं डिराइव्ह फीचर मी चालूच केलं नव्हतं! ते केलं होतं शेजारच्या क्रेटने, आणि कार्गो काय करतो, एका बिल्डमध्ये ज्याने ज्याने जी फीचर्स मागितली ती सगळी एकत्र करून ती डिपेन्डन्सी एकदाच कंपाइल करतो. म्हणजे इतके महिने मी शेजाऱ्याच्या मीटरवर दिवे लावत होतो.

हे कळल्यावर माझं दुसरं फीचर बघून घामच फुटला. स्टँडर्ड लायब्ररी बंद करणारं फीचर ठेवलं होतं मी, म्हणजे झाडात कुठेतरी एकाने ते चालू केलं की बाकी सगळ्यांचे फंक्शन्स गायब. फीचरने भर घालायची असते, काढून घ्यायचं नसतं. मग उलटं केलं, स्टँडर्ड लायब्ररी चालू करणारं एसटीडी नावाचं फीचर डीफॉल्टमध्ये टाकलं, ज्याला नको त्याने डीफॉल्ट फीचर्स बंद करावेत.

विंडोजवरची गंमत वेगळीच. इफमध्ये सीएफजी मॅक्रो (कुठल्या सिस्टिमसाठी बिल्ड चाललंय ते तपासणारा) लावून आत लिनक्सचं फंक्शन कॉल केलेलं, मला वाटायचं विंडोजवर तो भाग कंपाइलरला दिसतच नसेल. पण या मॅक्रोचं नुसतं ट्रू किंवा फॉल्स होतं, दोन्ही बाजूंचा कोड कंपाइल व्हावाच लागतो. कोड खरंच काढून टाकायचा तर सीएफजी अॅट्रिब्यूटच (कोडच्या डोक्यावर लिहायची खूण) लागतो.

मग कार्गो हॅक टाकलं, फीचर्सची सगळी कॉम्बिनेशन्स बिल्ड करून बघणारं टूल. माझी फीचर्स पाच, म्हणजे 32 कॉम्बिनेशन्स, त्यातली चार फुटली, तीन तर नुसत्या राहिलेल्या इम्पोर्टमुळे.

सगळं हिरवं झाल्यावर रस्ट 1.80 वर अपडेट केलं (तोवर जुन्यावरच होतो, आळस) तर वॉर्निंग, कोडमधल्या एका अटीत लिहिलेलं फीचर टॉमलमध्ये नाहीच. बघतो तर टॉमलमध्ये नावात हायफन आणि कोडमध्ये अंडरस्कोअर. जुना कंपाइलर कधी काही बोललाच नाही, अट खोटी म्हणून त्या अटीखालचा मॉड्यूल गुपचूप गाळत राहिला, आणि त्याच्या टेस्ट त्याच मॉड्यूलमध्ये असल्यामुळे त्याही कधी चाललेल्या नाहीत. अंडरस्कोअरचा हायफन केला आणि एका दमात 11 एरर आल्या.