जाड गोल अक्षरं

बेळगावात कुठल्याबी चौकात उभं राहा आणि वर बघा, वाढदिवसाचा फ्लेक्स असू दे, गणपती मंडळाचा असू दे नाहीतर नव्या मिसळवाल्याचा, अक्षरं हमखास तीच, जाड, गुबगुबीत, कोपरे वापरलेल्या साबणासारखे गोल. फॉन्टचं नाव बालू, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेला आणि फुकट मिळणारा, पण नावानं मागतंय कोण, सगळे म्हणतात "ते जाड गोलवालं टाक की."

मला हा फॉन्ट आवडतो, आणि आवडायचं कारण खास आमच्याकडचं आहे. कन्नड लिपी मुळातच गोल, सगळी वळणंच वळणं, आणि आपली देवनागरी म्हणजे वर शिरोरेघ, बाजूला ताठ काना. साध्या फॉन्टात दोन्ही एका पाटीवर आल्या की एकमेकींकडं पाठ करून बसल्यागत वाटतात. बालूचा कन्नड भाऊ आहे, बालू तम्मा, त्याची आणि ह्याची जाडी सारखी, टोकं सारखी, त्यामुळं खडेबाजारातल्या एखाद्या पाटीवर वर कन्नड खाली मराठी असली तरी एकाच हातानं लिहिल्यासारखी दिसते. फक्त ओळींत अंतर जरा जास्त सोडावं लागतं, कारण कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात आणि आपल्या मात्रा वर चढतात, अंतर कमी पडलं की मधल्यामधी दोघांची धक्काबुक्की.

पण ही अक्षरं मोठ्यानं बोलायसाठी केलेली आहेत, त्यांना जागा लागते, आणि आमच्याकडं मराठीला नेमकी जागाच नाही. कर्नाटकच्या २०२४ च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, तेबी वरच्या भागात, मग उरलेल्यात इंग्रजी आणि मराठी दाटीवाटीनं. आता "सर्वांना" हा शब्द घ्या, र्वां वर रफार आणि अनुस्वार दोघं एकाच कान्याच्या डोक्यावर बसलेत, मोठ्या फ्लेक्सवर झकास दिसतात, पण तेच वीतभर पट्टीत जाड फॉन्टात बसवलं की दोघांचा मिळून एक काळा ठिपका होतो. लक्ष्मी तर विचारूच नका, क्ष्म च्या पोटातली पांढरी जागा बुजूनच जाते, आणि अक्षर वाचलं जातं ते त्या पांढऱ्या जागेमुळंच की.

आणि श्रद्धांजलीला तर हा फॉन्ट वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. फोटोला हार, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि अक्षरं अशी टुमटुमीत की आता केक कापणार वाटतं. तरी लावतात बिनधास्त.

खरं म्हणजे उपाय त्या फॉन्टातच आहे. पहिला बालू एकाच जाडीचा होता, नंतरच्या बालू २ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या दिल्यात, म्हणजे बारक्या जागेत मीडियम टाकलं तर गोलपणाबी राहतो आणि रफारबी दिसतो. पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? गणपत गल्लीत एका फ्लेक्सवाल्याकडं बसलो होतो, पोरानं मराठी ओळ बारीक जाडीत मस्त बसवली होती, एकेक वेलांटी सुटी दिसत होती, तर दुकानदार म्हणाला, "एवढुशी तर जागा मिळालीय आम्हाला, जाड कर की रे अजून!" आणि पोरानं केली, एक्स्ट्रा बोल्ड, वर लाल आउटलाइन.