तुम्ही विचारलंत म्हणून: माझे दात असे का

नागपुरात येऊन पंधरा वर्षं झाली, पण नवीन ऑफिस असो की लग्नाचा मांडव, कुणीतरी विचारतंच, ताई राग नका मानू, पण खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाता का? नाही हो, आयुष्यात कधी तोंडात टाकला नाही. माझे दात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या हापशीच्या पाण्याने असे झालेत, त्या पाण्यात फ्लोराइड जास्त होतं.

दुधाचे दात माझे छान पांढरे होते, आई सगळ्यांना दाखवायची. सातव्या वर्षी पुढचे नवीन दात आले ते खडूसारखे, मळकट पांढरे, आडव्या रेघा असलेले, आणि मग दोन-तीन वर्षांत त्या रेघा चहासारख्या तपकिरी होत गेल्या. आईला वाटायचं पोरगी नीट घासत नाही, म्हणून ती राखुंडीने स्वतः घासून द्यायची, हिरड्यातून रक्त यायचं पण डाग तसेच, कारण तो मळ नव्हताच, दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच फ्लोराइडमुळे वरचं कवच, म्हणजे इनॅमल, पक्कं न होता सच्छिद्र राहिलं होतं, आणि अशा दातावर रंग बाहेर आल्यावर चढत जातो.

याचा पुरावा आमच्याच घरात आहे. मोठा भाऊ आठ वर्षांचा होईपर्यंत मामाकडे नागपूरला होता, इथलं पाणी पेंच-कन्हानचं, नदीचं. नंतर तो गावी आला आणि दहावीपर्यंत तीच हापशी प्यायला, तरी त्याचे दात आजही मोत्यासारखे. समोरच्या दातांचं कवच बनायचं वय तोवर सरलं होतं ना!

म्हणून लहान लेकरांच्या आयांना मी परत परत सांगते, आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्याच्यावर असेल तर पाणी उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. कँडलच्या फिल्टरनेही जात नाही, आरओने जातं. तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड काढायची नळगोंडा पद्धत तर आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच शोधलेली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो, पण रोज मोजून-मापून करावं लागतं, कुणीतरी ते मनापासून सांभाळायला हवं. टूथपेस्टही तीन वर्षांखालच्या पोरांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढच्या लहानांना वाटाण्याएवढीच, ती सुद्धा गिळू देऊ नका.

माझ्या डागांचं डॉक्टर म्हणतात वरचा थर हलका घासून किंवा कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून झाकता येतील, बघू, मला त्याची एवढी घाई नाही. घाई भाचीची आहे. ती दोन वर्षांची आहे, गावीच असते, तिचे पक्के दात आत्ता आत बनतायत. मागच्या रविवारी गेले तेव्हा ती ज्या बोअरचं पाणी पिते त्याची प्लास्टिकची बाटली भरून आणली (काचेची चालत नाही), सोमवारी लॅबमध्ये दिली, आणि रिपोर्ट येईपर्यंत वहिनीला वीस लिटरची कॅन लावून दिली आहे.