लंडन, पण ऑन्टारियोतलं

फ्लाइंग क्लबचं छोटं विमान, सेसना १७२, घेऊन लंडनला जाऊन आले, असं सांगितलं की भारतातले नातेवाईक दचकतात. हे लंडन कॅनडातलं. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरहून जेमतेम सव्वा तास. कागदपत्रांची कटकट मात्र साहेबाच्या लंडनला जायचं असल्यासारखी.

या खेपेला बाबा सोबत होते. अमेरिकेच्या व्हिसावर भारतीय पासपोर्टला कॅनडात प्रवेश नाही. नायगारासाठी त्यांचा कॅनडाचा व्हिसा आधीच काढला होता, म्हणून जमलं. जाताना आणि येताना दोन्ही वेळा, उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी अमेरिकन कस्टम्सला विमानातल्या सगळ्यांची यादी ऑनलाइन द्यायची. पासपोर्टवर बाबांच्या नावाला जोडून आजोबांचंही नाव आहे, तेही जसंच्या तसं भरायचं. कॅनडाच्या कस्टम्सला फोन करायचा तो पोचण्याच्या ४८ ते २ तास आधी. शिवाय रेडिओचे परवाने: एक विमानाचा, एक माझा. देशात उडताना हे कोणी विचारत नाही. माझा तर विनापरीक्षा, फी भरली की जन्मभराचा!

हवाई वाहतूक कंट्रोलरने दिलेला चार आकडी कोड ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, लावल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. पोर्ट ह्युरॉनला, दोन देशांना जोडणाऱ्या ब्ल्यू वॉटर ब्रिजवर ट्रकांची रांग लागलेली.

"हद्द कुठंय?"

"गेली, बाबा."

पलीकडे सार्निया, म्हणजे रिफायनऱ्याच रिफायनऱ्या. बाबांची सगळी नोकरी माहुलला रिफायनरीत गेली. ते खिडकीला नाक लावून बसले. "ही तरंगत्या छताची टाकी. छत तेलाबरोबर खालीवर होतं. आत सावली किती पडलीय बघ, म्हणजे किती भरलीय ते कळतं." मी कॅनडावरून इतक्यांदा उडाले, मला त्या नुसत्या पांढऱ्या चकत्या दिसायच्या.

लंडनला उतरल्यावर विमानातूनच कॅनडाच्या कस्टम्सला पुन्हा फोन. अधिकारी कोणी आलाच नाही. फोनवरच नोंदीचा एक नंबर दिला, तो लिहून घेतला, झालं. "शिक्का नाही?" बाबा हिरमुसले.

परतीला पोर्ट ह्युरॉनला उतरून कस्टम्स. तिथे कळवलेली वेळ गाठायची असते, त्यामुळे वाऱ्याचा हिशेब निघण्याआधीच नीट करावा लागतो. अधिकारी येईपर्यंत विमानातून उतरायचं नाही. त्याने किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र विमानाभोवती फिरवलं. बाबा त्यात इतके रमले, की पासपोर्ट दोनदा मागावा लागला.